कण्हेरीमागची खिडकी

झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती. आधी कपाटाच्या बाजूला बशीएवढा डाग दिसला, मग तो ताटाएवढा झाला, आणि हिवाळा संपता संपता रंगाचे पापुद्रे सुटून फरशीवर पडायला लागले. रंगारी येऊन बघून गेला. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "रंग काय, आज लावतो. पण वर्षभरात मला परत बोलवाल. आधी ती मागची झुडपं काढा. भिंतीला ऊनच लागत नाही."

झुडपं म्हणजे कण्हेर. घरामागे भिंतीला धरून एका रांगेत लावलेली. नवऱ्याने लावली होती. म्हणजे खड्डे त्याने खणले, रोपं मी धरली, आणि वाकडी धरली म्हणून बोलणीही मीच खाल्ली. तो होता तोवर कण्हेर कमरेच्या वर कधी गेली नाही. सुट्टीच्या दिवशी मोठी कात्री घेऊन तो ती अशी कापायचा की वर पट्टी ठेवून रेघ मारावी. तो गेल्यावर कुणी हात लावला नाही. मी कुणाला लावू दिला नाही, असं मुलीचं म्हणणं. कण्हेरीने मग मनासारखं करून घेतलं. छपराला टेकली, गटाराच्या पाइपात मुळं घातली, आणि मागची सगळी भिंत गिळून टाकली.

आम्ही शाळेत एका वर्गातले, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी जमलंच नाही. तो पाण्याच्या पंपावर पाळीने कामाला होता. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. एकदा लग्नाहून परतताना स्कूटरवर आम्ही दोघं होतो आणि वळणावर टेम्पो आला. माझं मनगटावर निभावलं. त्याचं नाही निभावलं.

मुलगी बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. जावई बदलीच्या गावी, म्हणून ती बाळाला घेऊन माझ्याकडेच राहायला यायची होती. फोनवर तिचं एकच पालुपद. "आई, ओल काढून घे. बाळाची छाती आधीच घरघरते."

म्हणून मी झाडं तोडणाऱ्याला बोलावलं.

तो चांगला धिप्पाड माणूस होता आणि त्याचं तोंड करवतीपेक्षा जास्त चालायचं. हातमोजे चढवत, रांगेकडे बघत म्हणाला, "ताई, ही झुडपं नाहीत. हे बिनभाड्याचे भाडेकरू आहेत. नोटीस द्यायला फार उशीर केलात." मला त्याने लांब उभं राहायला सांगितलं. कण्हेरीचा चीक वाईट. डोळ्यात गेला तर महागात पडतं. मी ओट्यावर बसून बघत राहिले. करवत लागली की फांदी आधी थरथरायची, मग फुलांसकट पुढे कोसळायची. गुलाबी फुलं मातीत पडून तशीच ताजी दिसत होती. तो फांद्या ओढून फाटकाशी ढीग करत होता आणि मला ते बघवत नव्हतं. झाडांचं दुःख नव्हतं ते. त्यांना कापायची पाळी ज्याची, तो नव्हता.

दुपार कलली तेव्हा शेवटचं झुडूप उरलं होतं. करवत थांबली.

"ताई," त्याने हाक मारली, "ही खिडकी आतून बुजवलीय का?"

मी उठून गेले. मधल्या बुंध्याच्या मागे भिंतीत एक खिडकी होती. साधी, दोन तावदानांची, लाकडी चौकटीची. चौकटीचा रंग उडालेला, काचांवर धूळ आणि वाळल्या चिकाचे ओघळ.

"हो," मी म्हटलं. "जुनी आहे."

दुसरं काय म्हणणार? तो मान हलवून कामाला लागला. मुळं खणून काढली, खड्डे बुजवले, पैसे घेतले, फांद्यांचा टेम्पो भरून निघून गेला. जाताना बजावून गेला की पाचोळा जाळू नका, धूर बाधतो.

त्या भिंतीत खिडकी नव्हती. हे मी आठवणीच्या भरवशावर सांगत नाही. घर घेतलं तेव्हा ती भिंत बाहेरून मी स्वतः रंगवली होती, शिडीवर चढून. तो खाली शिडी धरून उभा होता आणि रंगाचे थेंब डोक्यावर पडतात म्हणून कुरकुरत होता. कण्हेर कमरेएवढी असताना वरची भिंत रोज डोळ्यासमोर होती. कोरी भिंत.

मी टेप घेऊन बाहेरून माप घेतलं, कोपऱ्यापासून चौकटीपर्यंत. आत येऊन तेच माप धरलं. कपाटाच्या शेजारी, ओलीच्या डागाच्या अगदी मधोमध आलं. तिथे ठोकून पाहिलं. भिंत भरीव होती. बाहेर जाऊन काचेवर ठोकलं. काच काचेसारखीच वाजली.

आधीच्या मालकाने बुजवली असेल, वरून गिलावा केला असेल, आता गिलावा गळून पडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पडलेला गिलावा खाली कुठे दिसला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर बादली आणि फडकं घेऊन मी काचा पुसल्या. सवयच आहे, मळकी काच दिसली की माझे हात शिवशिवतात. पुसून झाल्यावर दोन्ही तळव्यांचा आडोसा करून आत डोकावले.

आत खोली होती.

काच माणसाला कशी चकवते ते मी रोज बघते. मागचं पुढे दाखवते, एकाचे दोन करते. म्हणून मी डोकं इकडेतिकडे हलवून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. प्रतिबिंब असतं तर सरकलं असतं. आतली खोली जागची हलली नाही. आमचीच झोपायची खोली होती ती. पलंग तोच, पण उलट्या बाजूला, अपघाताआधी असायचा तसा. त्यावर पिवळी चादर. ती चादर मी कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती.

आणखी एक गोष्ट होती. ती जरा उशिरा लक्षात आली. मावळतीचं ऊन माझ्या पाठीवर सरळ पडत होतं. मध्ये पानसुद्धा उरलं नव्हतं. आतल्या फरशीवर मात्र पानांच्या सावल्या हलत होत्या. लांबट, टोकदार पानं. कण्हेरीची.

मी आत धावले. खोलीत माझा पलंग माझ्या जागी होता, माझी निळी चादर, आणि समोर ओलीचा डाग. दार लावून घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. त्या दिवशी पुन्हा मागे गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले, कारण न जाणं जमेना. आत तो होता.

पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याच्या पद्धतीने, म्हणजे चुकीच्या; बाह्या आत न घेता सरळ चौकोन. केस पार पिकले होते. मेला तेव्हा एवढे नव्हते पिकलेले. शेजारी एक काठी टेकवली होती. उठला तेव्हा डावा पाय ओढत टेबलापर्यंत गेला आणि घड्या तिथे ठेवल्या. टेबलावर चौकटीत माझा फोटो होता. पासपोर्टसाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. मला तो फोटो कधीच आवडला नव्हता. त्यात मी कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखी दिसते.

त्याने बोटाने फोटोवरची धूळ पुसली आणि काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं की तक्रार करतोय. कपड्यांबद्दलच असणार.

मी हाक मारली. काचेवर गाल टेकवून, शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता मारली. त्याने मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने तो आपण होऊन खिडकीशी आला आणि माझ्या अगदी समोर उभा राहिला. हनुवटीला दाढी करताना कापलेलं दिसत होतं. त्याच्या कपाळावर, नाकावर, पानांच्या सावल्या हलत होत्या. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या जागी असलेल्या झुडपांकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळाला आठी होती. बापरे, किती वाढलीय, असा तो चेहरा. मला पाठ होता.

मग मला उमगलं. त्याच्या बाजूला कण्हेर अजून होती. त्याच्या बाजूला त्या वळणावर तो वाचला होता.

घाबरायला हवं होतं. घाबरलेही असेन. पण ते घाबरणं कुठेतरी तळाशी राहिलं. वर आलं ते एकच: तो जेवला असेल का?

त्यानंतर मी दुकानातून लवकर निघायला लागले. मालक चेष्टेने म्हणाले, "बाई, घरी कोण वाट बघतंय?" मी हसले. वाटेत पोळ्या करायच्या आहेत, विजेचं बिल भरायचंय असलं काही डोक्यात यायचं नाही. फाटक उघडायचं, पिशवी ओट्यावर टाकायची आणि मागे जायचं. तो कधी असायचा, कधी नसायचा. नसला की मी रिकाम्या खोलीकडे बघत उभी राहायची. टेबलावर औषधाची बाटली सरकली का, चप्पल कुठे काढलीय, एवढ्यावर माझं भागायचं. एकदा तो पेपर वाचता वाचता तोंड उघडं टाकून झोपला. तो झोपेतून उठेपर्यंत मी तिथून हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. असा निवांत मी त्याला जिवंतपणीही कधी पाहिला नव्हता.

इकडे खोलीतली ओल सुकत चालली. रंगारी येऊन रंग लावून गेला. भिंत कोरडीठाक झाली.

रविवारी मुलगी बाळाला घेऊन खोली बघायला आली. बाळ माझ्या मांडीवर देऊन ती घरभर फिरली, मागे गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, इथे खिडकी आहे की! मला कधी माहीतच नव्हतं."

मी बाळाला घेऊन तिच्या मागे गेले. आत तो टेबलाशी बसून रेडिओचं झाकण उघडत होता. लेक काचेला नाक लावून बघत होती.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काय दिसणार? काळोख. आतून भिंत आहे ना." ती मागे सरकली. "आई, ही फोडून घेऊ या. चौकट आयतीच आहे. गवंडी आतून विटा काढेल, झाली खिडकी. खोलीत हवा येईल, ऊन येईल."

"नको."

"नको काय? बाळासाठीच म्हणतेय मी."

"भिंतीला धक्का लावायचा नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "शेजारच्या काकू म्हणत होत्या, तू संध्याकाळभर इथे उभी असतेस. एकटीच बोलतेस. खरं का?"

मांडीवरून खांद्यावर घेतलेलं बाळ काचेकडे बघत होतं. आत नवऱ्याने रेडिओ कानाला लावला आणि हलवला. बाळ खुदकन हसलं.

"खरं का, आई?"

"काचा पुसते," मी म्हटलं.

गवंड्याला तिने माझ्यासमोरच फोन लावला. तो उद्या सकाळी येतो म्हणाला. निघताना तिने मला जवळ घेतलं, तेव्हा तिच्या खांद्याला बाळाच्या दुधाचा वास येत होता. हे घर भरलेलं असावं, असं मला मनापासून वाटत होतं. तरी ती रिक्षात बसली तशी मी मागे वळले.

तो अजून टेबलाशीच होता. उद्या विटा निघाल्या की तिथे माझीच खोली दिसणार होती. निळी चादर, कपाट, आणि रिकामी खुर्ची.

मी काचेवर ठोकलं. आधी हळू. मग मुठीने.

त्याचा हात थांबला.

इतके दिवस हाक पोचली नव्हती, ठोकणं पोचलं. तो काठी घेऊन खिडकीशी आला. पानांच्या सावल्यांतून इकडे तिकडे पाहू लागला. मी पुन्हा ठोकलं, दोनदा. पाळीवरून अवेळी आला की तो दारावर असंच ठोकायचा, बेल असूनसुद्धा.

त्याचा चेहरा बदलला. तो कसा बदलला ते मला सांगता येणार नाही.

तो वळला, पलंगाखाली वाकला, मोठी कात्री ओढून काढली आणि पाय ओढत खोलीबाहेर गेला.

मी घराच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मागे यायची ती एकच वाट होती. कुणी आलं नाही.

मग कात्रीचा आवाज आला.

कच्च. कच्च. अंगणाच्या पार टोकापासून. तिथे सपाट माती होती, बुजवलेले खड्डे होते. आणि त्या मातीवर एक फांदी पडली. कुठून पडली ते दिसलं नाही. खांद्याएवढ्या उंचीवर हवेत काहीच नव्हतं, आणि मग ती खाली होती. तिच्यामागून दुसरी पडली.

मी एक उचलली. कापलेल्या टोकातून पांढरा चीक येत होता.

आवाज जवळ येत गेला. तो दमत होता. मध्ये थांबायचा, पुन्हा लागायचा. फुलं माझ्या पायांवर पडली. एक पान केसात अडकलं. कात्री माझ्या कानाशी वाजली, इतक्या जवळ की पात्याचा गारवा लागला.

"अरे, सांभाळून," मी म्हटलं.

आवाज थांबला.

खिडकीतून आतल्या फरशीवर स्वच्छ ऊन पडलं. सावली एकही नव्हती. खोली रिकामी होती. आणि तो माझ्या शेजारी असणार, याच काचेला कपाळ लावून माझ्या खोलीत बघत असणार, आणि तिथे कुणीच नव्हतं, कारण मी इथे बाहेर उभी होते.

मी धावत घराला वळसा घालून आत गेले. पलंगावर बसले, त्या भिंतीकडे तोंड करून. धाप लागली होती. केस सारखे केले, पदर सारखा केला. समोर नवा रंग. त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि रडू आलं.

भिंतीवर दोनदा टकटक झाली.

गवंड्याला मी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मुलीला कळलं तेव्हा ती आधी चिडली. ती खोली मला एकटीलाच लागेल म्हटल्यावर हळू आवाजात म्हणाली, "मग मी बाळाला घेऊन कुठे येऊ, आई?" तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या, माझ्या घरापासून लांब. बाळाला सांभाळायला एक बाई ठेवली. फोन करते, पण पूर्वीसारखा नाही.

आमचं मात्र जमून गेलं. तो पाळीचा माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. सकाळी दुकानाआधी मी खोलीत बसते, तेव्हा तो बाहेरून बघतो. संध्याकाळी मी बाहेर असते, तेव्हा तो आत पलंगावर बसतो, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, काचेकडे तोंड करून. त्याला काचेतून रिकामं अंगणच दिसत असणार. तरी बसतो. बोलतो. मला ऐकू येत नाही, मी ओठ बघते. मीही सकाळी बोलते. बाळाला दात आला, मालकांनी नवीन मशीन घेतलं, घड्या घालताना बाह्या आत घेत जा. भिंतीला सांगते. दोनदा टकटक होते, मग मी दुकानात जाते.

आज सकाळी गारठा होता. मी नेहमीसारखी बसले आणि बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता भिंतीवर काहीतरी दिसलं. कोरड्या, रंगवलेल्या भिंतीवर वाफेचा एक गोल उमटला होता. वर, तो उभा राहिला की तोंड येईल त्या उंचीवर. बघता बघता विरला. पुन्हा उमटला.

मला इतकं बरं वाटलं. त्याचा श्वास होता तो.

मग खाली, त्याच्या शेजारी, आणखी एक उमटला.

लहान. बुटक्या माणसाचा. माझ्याएवढ्या.

मी बोलायची थांबले. दोन्ही गोल येत होते, जात होते. वरचा सावकाश. खालचा भराभर, धाप लागल्यासारखा. मी एक हात छातीवर ठेवला; ती खालच्या गोलाच्याच चालीने वरखाली होत होती.

मी श्वास रोखून धरला.

वरचा गोल विरला आणि पुन्हा उमटला. खालचा विरला, तो परत आला नाही. मी वाट पाहिली. वरचा आला, गेला, आला. त्याच्या शेजारी भिंत कोरडी होती.

छाती दुखायला लागली तेव्हा मी श्वास सोडला.

खालचा गोल हळूच उमटला. मी इथे पलंगावर होते, आणि माझा श्वास तिकडे त्याच्या शेजारी होता.